अम्माचा वर्षाचा खर्च

सांगली, ९ फेब्रुवारी २०२५

जुलेखास,

सलाम आणि दुआ.

तू फोन उचलत नाहीस. आधी वाजत तरी होता, आता एक रिंग झाली की बंद होतो. याचा अर्थ काय ते मला खैरूनने सांगितलं. तिच्या फोनवरून लावला, तरी तेच. म्हणून पत्र लिहायला बसलो. घरात आपण दखनी बोलतो, पण लिहायचं म्हटलं की मला तासगावच्या शाळेतली मराठीच येते, आणि तुलाही तीच. शेवटचं पत्र मी कोणाला आणि कधी लिहिलं ते आठवत नाही.

अम्मा गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी जे झालं ते व्हायला नको होतं. पाहुण्यांदेखत तर अजिबातच नको होतं. खैरूनचं चुकलं. तिला कुठे काय बोलावं ते कळत नाही, हे तुला पंचवीस वर्षं माहीत आहे. मिरजेच्या मामी म्हणाल्या, दस्तगीरने आईचा खर्च कधी चुकवला नाही, दर वर्षी साठ हजार पाठवायचा, असा मुलगा सगळ्यांना मिळो. एवढ्यावर विषय संपला असता. पण खैरूनला वाटलं आपणही नवऱ्याचं कौतुक करावं. ती म्हणाली, बहिणीलाही कधी विसरले नाहीत, दर रमजानला गरिबांच्या वाट्याची साठ हजार जकात जुलेखालाच जाते.

तू स्वयंपाकघराच्या दारात परात घेऊन उभी होतीस. परात खाली ठेवलीस आणि सगळ्यांसमोर मला विचारलंस, "भाई, पैसे वर्षातून एकदाच यायचे. ते अम्माचे होते का माझे?"

मी म्हणालो, दोघींचेच की, घरातला पैसा कोण वेगळा करतं. मामी खाली बघायला लागल्या. तू आत गेलीस आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाहीस.

जुलेखा, माझंही जरा ऐक. तुझा नवरा इलाही गेला तेव्हा तुझ्या घरी कोणी नव्हतं. अम्मा तुझ्यासोबत दोन महिने राहायला म्हणून मलकापूरला आली आणि राहिली. माझं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अम्माचे गुडघे तसे. मी तिला टाकलं असं कोणी म्हणू शकणार नाही. सात वर्षांत एक रमजान असा गेला नाही की पैसे आले नाहीत. किती भाऊ एवढं करतात, ते तू तुझ्या आजूबाजूला बघ.

गैरसमज झाला आहे. तो बसून बोललं की निघेल. मी पाठवलेला कपडा तू कुरिअरने परत केलास, त्याचं मी मनावर घेतलेलं नाही. फोन उचल.

तुझा भाई,
दस्तगीर


सांगली, ३ मार्च २०२५
रमजानचा दुसरा रोजा

जुलेखास,

रमजान मुबारक.

तुझं उत्तर आलं नाही. पत्र मिळालं हे मात्र मला माहीत आहे, रजिस्टर केलं होतं आणि तुझी सही परत आली.

काल पहिला रोजा होता. पहिल्या रोज्याला मी जकातीचा हिशेब करतो, ते तुला माहीत आहे. तीन दिवस आधी तासगावला कोल्ड स्टोरेजमध्ये जाऊन बेदाण्याच्या पेट्या मोजून आलो. विकायला ठेवलेल्या मालावर जकात आहे आणि ती आजच्या बाजारभावाने धरायची, खरेदीच्या भावाने नाही. यंदा भाव चढा आहे, म्हणजे जकातही जास्त. बरेच व्यापारी इथे थोडं इकडेतिकडे करतात. मी करत नाही. राहतं घर, गाडी, दुकानातला काटा यांवर जकात नाही, ते सोडले. खैरूनच्या अंगावरचं सोनं धरलं. वर्षभर टिकलेल्या सगळ्याचा चाळिसावा हिस्सा काढला. मार्केट यार्डात कोणालाही विचार, दस्तगीर बागवानाच्या जकातीत कोणी खोट काढणार नाही.

हे सगळं तुला का सांगतो आहे? कारण तू मला चोर ठरवलंस आणि मी नियमाबाहेर काहीही केलेलं नाही.

जकात आईला चालत नाही. वडिलांना, मुलाबाळांना, बायकोला चालत नाही. बहिणीला चालते. गरजू विधवा बहीण असेल तर तिला द्यावी, त्यात दानाचंही पुण्य आणि नातं राखल्याचंही. घेणाऱ्याला ही जकात आहे असं सांगितलंच पाहिजे, असंही नाही. लाज वाटू नये म्हणून न सांगितलेलंच बरं. मी तेच केलं. तू शिकलेली, इलाही असताना चार बायकांत उठूनबसून होतीस. जकात म्हटलं असतं तर तुला लागलं असतं. म्हणून मी अम्माचा वर्षाचा खर्च म्हणालो. देताना माझ्या मनात तूच होतीस.

अम्माबद्दल तू जे म्हणालीस ते मात्र मला अजून बोचतं आहे. मी निघताना खैरूनजवळ निरोप दिलास की भाईला सांग, मला दिलेली जकात मी घेतली असती, पण अम्माला त्याने जकात खायला घातली.

अब्बा गेले तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला सगळं आठवत नसेल. मी चौदाचा होतो. मशिदीच्या जमातीची माणसं जकातीतलं गव्हाचं पोतं आणि एक पाकीट घेऊन दारात आली होती. अम्माने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्यांना पाणी दिलं. मग म्हणाली, हे त्या पलीकडच्या गल्लीतल्या आजारी बाईला द्या, माझा मुलगा मोठा होतोय. ती माझ्याकडे हात करून बोलली. दुसऱ्या दिवसापासून लग्नाघरी स्वयंपाकाच्या हाताखाली जायला लागली. तिच्या बोटांना महिनोन्महिने कांद्याचा वास असायचा.

तिने ते घेतलं असतं तरी त्यात वाईट काही नव्हतं. जकात हा गरिबाचा हक्क आहे, कोणाची भीक नाही. पण तिने घेतलं नाही, आणि माझ्याकडे हात करून घेतलं नाही.

मी तिला जकात दिली नाही, जुलेखा. तुला दिली. तू ती कुठे खर्च केलीस हा तुझा प्रश्न होता.

हे शेवटचं वाक्य मी खोडणार होतो. मग म्हटलं राहू दे.

शुक्रवारी मौलानांना भेटून विचारतो. त्यांच्या तोंडून आलं म्हणजे तुझाही विश्वास बसेल.

दस्तगीर


सांगली, १८ मार्च २०२५
सतरावा रोजा

जुलेखा,

मौलानांना भेटलो. एका शुक्रवारी नाही, दोन. पहिल्या शुक्रवारी मशिदीच्या हौदापर्यंत गेलो आणि परत आलो.

मी माझं नाव सांगितलं नाही. म्हणालो, आमच्या ओळखीचे एक व्यापारी आहेत, त्यांनी विधवा बहिणीला जकात दिली, आई तिच्याजवळ राहायची, तर ती जकात झाली की नाही? मौलाना म्हणाले, बहीण गरजू असेल तर झाली, बहिणीने पुढे आपल्या मर्जीने आईला खाऊ घातलं तर तो तिचा भला स्वभाव. मला हलकं वाटलं. मी उठणारच होतो.

मग त्यांनी विचारलं, "आईचा खर्च त्या व्यापाऱ्याने वेगळा दिला होता ना?"

मी उठायचा राहिलो.

त्यांनी दुसरं विचारलं, पैसे देताना तो बहिणीला काय म्हणायचा? मी सांगितलं, आईचा वर्षाचा खर्च म्हणायचा. बहिणीने त्यातून स्वतःसाठी काही घ्यावं असं कधी म्हणाला होता का? मी म्हणालो, नाही. आई आजारी असताना बहिणीने काही जास्त मागितलं तर? मी म्हणालो, तो म्हणायचा एवढ्यात भागव.

मौलानांनी हातातली तसबीची माळ खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले की बहीण त्यात फक्त हात होती. पैसा आईचा होता आणि आईचं पोट भरणं मुलावर होतंच. मुलाने आपल्यावरचं एक देणं दुसऱ्या देण्याच्या पैशातून भागवलं. त्याची सात वर्षांची जकात अजून त्याच्या मानेवर आहे. ती त्याने पुन्हा द्यावी.

मी विचारलं, "आणि आईचं?"

ते म्हणाले, "आई आहे का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा मला कळलं की व्यापारी कोण हे त्यांना पहिल्यापासून कळलं होतं.

आता तुला दुसरी गोष्ट लिहितो. ही मला कोणी विचारलेली नाही, तूही चाळीसाव्याला काढली नाहीस, आणि तू ती काढली नाहीस याचाच मला जास्त त्रास होतो.

२०२१च्या डिसेंबरात अम्माची डावी बाजू गेली. तू कराडच्या दवाखान्यातून फोन केलास. डॉक्टर म्हणताहेत पहिले तीन-चार महिने महत्त्वाचे, रोज घरी येऊन व्यायाम करून घेणारा माणूस ठेवला तर हात परत येईल, पाय तर नक्की येईल. महिन्याचा आकडाही सांगितलास. मी म्हणालो, रमजानपर्यंत थांब. मी म्हणालो, बाजार मंद आहे, माल अडकलाय. तू जानेवारीत पुन्हा फोन केलास. मी तेच म्हणालो.

बाजार मंद नव्हता, जुलेखा. त्या जानेवारीत मी खैरूनला पाटल्या केल्या. पैसा होता. पण माझ्या डोक्यात अम्मा म्हणजे रमजानचा खर्च असं इतकं पक्कं बसलं होतं की रमजानच्या आधी तिच्यासाठी खिशात हात घालायचा म्हणजे ते माझं नुकसान वाटायचं. जकातीतून दिलं तर माझ्या पदरचं काही जात नव्हतं, ते तसंही द्यायचंच होतं. आधी दिलं तर माझं जाणार होतं. मी असा विचार केला. शब्दांत कधी मांडला नाही, पण केला हाच.

मौलानांना मी हेही विचारलं, पुन्हा त्या व्यापाऱ्याच्या नावाने, जरी आता त्याला काही अर्थ नव्हता. वर्ष पूर्ण व्हायच्या आधी जकात देता येते का? ते म्हणाले, येते की. गरज समोर असेल तर आगाऊ द्यावी, पुढे हिशेबात धरावी. म्हणजे ज्या नियमाच्या आड मी उभा होतो तो नियमही तसा नव्हता. एका फोनवर विचारलं असतं तर कळलं असतं.

रमजान एप्रिलमध्ये आला. पैसे पाठवले. त्या वर्षी मी पाच हजार जास्त घातले होते आणि खैरूनला ते सांगितलंही होतं.

तू तेव्हा मला एका शब्दाने बोलली नाहीस. का बोलली नाहीस?

दस्तगीर


सांगली, २ एप्रिल २०२५

जुलेखा,

काल बाशी ईदला मी मलकापूरला आलो होतो. तुला हे शेजारच्या बनुबाईंनी सांगितलं असेल. मी साडेदहाच्या गाडीने आलो, तुझ्या दाराला कुलूप होतं. तू वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागलीस हे मला तिथे कळलं. ईदच्या दुसऱ्याच दिवशी कामावर गेलीस हेही.

बनुबाईंनी मला त्यांच्या पायरीवर बसवलं. मी कोण ते सांगायची वेळ आली नाही. म्हणाल्या, "तुमी थोरलं भाऊ न्हवं का? म्हातारीच्या तोंडावानी तोंड हाय." चहा दिला. नंतर आपणहूनच अम्माबद्दल बोलत राहिल्या. एवढी वर्षं भिंतीला भिंत लागून काढलेली, त्यांना बोलायला कोणीतरी हवं होतं. त्यांनी मला दुखवायला काही सांगितलं नाही. त्यांना काही माहीतच नव्हतं.

त्या जे म्हणाल्या ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण बसमध्ये बसल्यापासून तेच माझ्या कानात आहे.

"म्या रोज सकाळच्याला तेल लावून हात चोळायची तिचा. लय वाट बगायची. म्हनायची, माझा ल्योक रमजानला पैसं धाडनार हाय, मग व्यायामवाला डाक्टर घरी येतोय बग. म्या म्हनायची, आजी, आवं रमजान कवा हाय तुमचा? तर बोटावर महिनं मोजायची. चालत्या हाताच्या."

मी विचारलं, डॉक्टर आले होते का नंतर?

"आलं की. तवा म्हनलं, लय उशीर केला, आता हाताचं काय खरं न्हाई. म्हातारी म्हनली, आसू दे, एक हात हाय न्हवं."

नंतर बनुबाई म्हणाल्या की तुम्ही थांबा, जुलेखा तीन वाजता येते. मी बरं म्हणालो. त्या आत भांडी घासायला गेल्या तसा मी उठलो आणि दीडच्या गाडीने परत आलो. तुला भेटायला आलो होतो आणि तू येण्याआधी निघालो. कराडच्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली होती, तेव्हाही उतरता आलं असतं.

आता जे मागच्या तीनही पत्रांत लिहिलं नाही ते लिहितो. हे लिहिलं नाही तर आधीचं सगळं लिहूनही मी खोटाच राहीन.

मी नियमातच होतो, मी भोळेपणाने एकाच पैशाला दोन नावं दिली, असा त्या पत्रांचा सूर आहे. तसं नाही. इलाही गेल्यानंतरच्या पहिल्या रमजानच्या आधी, २०१८ साली, मी याच मौलानांकडे गेलो होतो. मी विचारलं होतं, आई लेकीकडे राहते, तिचा खर्च माझ्या जकातीतून दिला तर चालेल का? त्यांनी स्पष्ट सांगितलं, नाही. मग मी विचारलं, आणि बहिणीला? ते म्हणाले, तिला चालते. मी तिथून बाहेर पडलो तेव्हा चपला घालता घालताच मला वाट सापडली होती. नाव तुझं, तोंड अम्माचं.

मौलानांच्या ते लक्षात होतं. १४ मार्चला मी उठताना ते म्हणाले, "दस्तगीरभाई, सात वर्षांपूर्वी तुम्हाला मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं." एवढंच. हे मी तुला मागच्या पत्रात सांगितलं नाही.

म्हणजे चुकून काही झालेलं नाही. मला माहीत होतं की आई ही जकातीत बसत नाही. तिथेच मी थांबून विचार करायला हवा होता की ती का बसत नाही. ती गरीब नाही म्हणून नाही. ती माझी आहे म्हणून. जे आपलं आहे त्याला दान देता येत नाही, एवढी साधी गोष्ट. मी तिला माझ्यातून काढून गरजूंच्या यादीत टाकलं आणि तेही तुझ्या नावाखाली लपवून. ती मात्र गल्लीत सांगत राहिली की माझा मुलगा खर्च पाठवतो.

तासगावचा निम्मा माल मी ईदच्या आधीच्या सौद्यात काढला. सात वर्षांची जकात पुन्हा बाजूला ठेवली आहे. त्यातली काही दिली. खैरूनने विचारलं, दोनदा कशाला? मी तिला सगळं सांगितलं. ती रडली आणि मग त्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. मी त्या परत तिच्या हातात घातल्या, तिचा त्यात काय दोष? त्यानंतर तिने त्या घातलेल्या मी पाहिल्या नाहीत.

तुझ्याकडे मागायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही. फक्त उत्तर दे. दोन ओळी लिही, शिव्या लिही, काहीही.

दस्तगीर


मलकापूर, २० एप्रिल २०२५

भाई,

सलाम.

चारही पत्रं मिळाली. पहिली दोन वाचून ठेवून दिली. तिसरं वाचलं आणि उत्तर लिहायला बसले, पण जमलं नाही. चौथं आल्यावर आठवडाभर पर्समध्ये घेऊन फिरले. वसतिगृहात दीडशे मुलींचा स्वयंपाक असतो, सकाळी पाचला निघते, त्यामुळे उशीर झाला.

तू विचारलंस की मी तेव्हा का बोलले नाही. मला वाटलं तुझ्याकडे खरंच नसेल. भावाकडे नाही म्हटल्यावर बहीण काय बोलणार?

आता मी जे लिहिते ते नीट वाच.

मला जकातीची लाज नाही आणि नव्हती. ज्या दिवशी इलाही गेले त्या दिवसापासून मी जकात घेऊ शकत होते. जकात घेणाऱ्यासाठी जी मर्यादा आहे त्या साडेबावन्न तोळे चांदीच्या किमतीचंही माझ्याकडे काही नव्हतं, आजही नाही. तू तेव्हा म्हणाला असतास, जुलेखा, ही जकात आहे, तुझ्यासाठी आहे, तर मी दोन्ही हातांनी घेतली असती आणि तुझ्यासाठी दुआ केली असती. शिवणाचं मशीन घेतलं असतं. तू मला वाचवलंस असं तुला वाटतं, पण तू मला मोजलंच नाहीस. सात वर्षं माझ्या नावावर पैसे गेले आणि मला त्यातला रुपया खर्च करताना अम्माच्या वाटचं खाते आहे असं वाटायचं. मी माझ्यासाठी चप्पल घेतली तरी तिला सांगून घ्यायचे.

तू जकात पुन्हा काढली आहेस. त्यातून मला द्यायची असेल तर दे. मी इथल्या मौलानांना विचारलं, माझ्यासाठी ती रास्त आहे. मी घेईन. पण पाकिटावर जकात असं लिहून दे.

अम्मा शेवटी अकरा दिवस कराडच्या दवाखान्यात होती. तेव्हा मी बचत गटातून कर्ज काढलं, ते अजून फिटायचं आहे. तुला मी तेव्हा बिलाचा निम्माच आकडा सांगितला होता. ते कर्ज तू फेड. पण ते अम्माचं आहे. ते जकातीतून नको. ते तुझ्या पोटाला चिमटा घेऊन दे. दोन्ही एका पाकिटात घालू नकोस, आणि दोन्ही एका दिवशीसुद्धा पाठवू नकोस.

आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही. बनुबाईंनाही तिचा अर्थ माहीत नाही, म्हणून त्यांनी सांगितली नसेल.

२०२२च्या रमजानमध्ये तुझे पैसे आले तेव्हा अम्माने मला विचारलं, "हा नेहमी रमजानातच का गं पाठवतो?" मी म्हणाले, तेव्हा बेदाण्याचा बाजार होतो. त्या दिवशी तिने इफ्तारला फक्त खजूर आणि पाणी घेतलं. पोटात बरं नाही म्हणाली.

ईद झाल्यावर आठवड्याने ती मला म्हणाली, तुमच्या गटातल्या त्या चटणी करणाऱ्या बायका शेंगदाणे निवडायला देतात ना, मला आणून दे, बसून कंटाळा येतो. मी म्हणाले, एका हाताने काय निवडणार? ती म्हणाली, निवडायला एकच हात लागतो. तेव्हापासून शेवटच्या दवाखान्यापर्यंत अडीच वर्षं ती रोज खिडकीशी ताट घेऊन बसायची. किडके दाणे एका बाजूला, चांगले एका बाजूला. आठवड्याला ऐंशी-नव्वद रुपये व्हायचे. शनिवारी बाई पैसे देऊन गेली की ते माझ्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "हे माझ्या जेवणाचे."

मी हसायचे. म्हातारीचा छंद म्हणून मी शेजारी सांगायचेसुद्धा.

तिला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण चाळीसाव्याला वहिनी जकात म्हणाल्या आणि माझ्या हातातली परात जड झाली ती यासाठी. तुझ्यावर राग नंतर आला. आधी मला ते ताट दिसलं.

तुझ्या पत्रांत तू माझ्याकडे बऱ्याच वेळा माफी मागितली आहेस, एकदाही तो शब्द न लिहिता. माझ्या वाटची मी तुला दिली. अम्माच्या वाटची माझ्याकडे नाही, तेव्हा ती मागू नकोस.

मला रविवारी सुट्टी असते. आलास तर तीनपर्यंत थांबायची गरज नाही, मी घरीच असते. जेवून जा.

जुलेखा